पुरचुंडीतला चहा

बाबा,

तुम्हांला खरंच कळलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत मी रडले, जेवले, ऑफिसला गेले, ईराचा शाळेचा डबा भरला, पण डोक्यातला हा किडा काही जाईना. सासरे गेल्यावर सुनेनं असलं काही धरून बसू नये, हे मलाही कळतं. निखिल तर म्हणालाच, "मीनल, आता तरी बाबांना सोड." पण तुमच्या मुलाला वाद अर्धवट टाकून झोप लागते. मला लागत नाही. तुम्हांलाही लागत नसे, म्हणून तर आपलं जमायचं.

उद्या गॉलवेतली आपली मराठी मंडळी तुमच्यासाठी जमणार आहेत. हॉल तोच, जिथे गणपतीत मी सगळ्यांसमोर तुमची गंमत केली होती. कुणीतरी तो चहाचा किस्सा काढणार आणि लोक डोळे पुसत हसणार, हे मला आत्ताच दिसतंय. त्याआधी मला तुमच्याशी बोलून घ्यायचंय.

तुम्ही आलात तेव्हापासूनच मला तुमचा संशय होता, हे आज सांगून टाकते. सासूबाई गेल्या आणि वर्षभरात तुम्ही अकोल्याचं काष्ठौषधीचं दुकान बंद केलंत. चाळीस वर्षांचं दुकान. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी तासभर उघडलं होतंत. बाजारात तुमच्या नाकाचं नाव होतं. हिंगाचा खडा नाकाशी नेऊन त्यात गोंद किती आणि कणीक किती हे सांगणारा माणूस, असं लोक म्हणायचे. मी फोनवर विचारलं, "चांगलं चाललेलं दुकान का बंद केलंत?" तुम्ही म्हणालात, "कंटाया आला, सूनबाई." माझा काडीचा विश्वास बसला नाही. कंटाळणारी माणसं गल्ल्यावर बसून पेपर वाचतात. तुम्ही तर दुपारच्या उन्हातसुद्धा गिऱ्हाइकाशी भांडायचात.

आधी तीन महिन्यांसाठी आलात, मग निखिलनं कागदपत्रं केली आणि राहिलात. रुळलात तर माझ्यापेक्षा लवकर. रोज प्रॉमवरून समुद्राच्या कडेनं टोकापर्यंत चालायचं, इथल्या लोकांसारखी टोकाच्या भिंतीला लाथ मारायची आणि परत फिरायचं. "लाथ मारल्याबिगर चालनं मोजत नाहीत इथं," हे तुम्ही मलाच शिकवलंत. मी इथे आयर्लंडात अकरा वर्षं राहते, पण कधी मारली नव्हती. चालताना तुम्हांला थोडा दम लागायचा, म्हणून मी डॉक्टरकडे नेलं, इनहेलर आणला आणि तो कसा ओढायचा ते आरशासमोर उभं करून शिकवलं.

त्यातली मी जाणकार. श्वासातून औषध द्यायची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत मी तक्रार विभागात आहे. परत आलेलं प्रत्येक उपकरण आम्ही पिशवीत घालतो, चिठ्ठी लावतो आणि दोष आहेच असं धरून उघडतो. माझी आई म्हणते, हा माझा स्वभाव नोकरीच्या आधीपासूनचा आहे.

आणि एक दिवस तुमच्या गळ्यात ती पुरचुंडी आली. लाल दोऱ्यात ओवलेली, अंगठ्याएवढी, चकचकीत कापडाची.

"हे काय, बाबा?"

"लिनबाईनं देल्ली. छातीसाठी. हुंगाची."

मिसेस लिन म्हणजे जोडे दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर चिनी औषधं देतात त्या. चालून येताना पाटी पाहिलीत आणि वर गेलात म्हणे. मला इतका राग आला की त्या दिवशी आमटीत मी मीठ दोनदा घातलं. एक-एक फवारा मोजून देणारं यंत्र मी तुमच्या हातात ठेवलं होतं, आणि तुम्ही सुकल्या पाल्याची पुरचुंडी हुंगत फिरायला लागलात. आत काय आहे? किती हुंगायचं? किती वेळा? "लय गुनाचं हाये," एवढंच तुमचं उत्तर. लहानपणी सर्दी झाली की माझी आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून नाकाशी धरायची, हे मीच कधीतरी तुम्हांला सांगितलेलं, ते तुम्ही बरोबर काढलंत. मी म्हटलं, ते वेगळं. कसं वेगळं, विचारलंत तेव्हा मला भांडी लावायचं आठवलं.

तुमच्यावर नजर ठेवायला म्हणून एकदा तुमच्याबरोबर गेले. लाकडी कप्प्यांचं कपाट, उकळत्या पाण्याची किटली, आणि कोपऱ्यात कुठल्यातरी पाल्याची कांडी धुमसत होती. त्या धुरानं मला ठसका लागला, तुम्ही मात्र खुशाल बसलात. लिनबाईंनी एका कपात सुकलेल्या कळ्या टाकून वर गरम पाणी ओतलं, कागदाची पुंगळी करून कपावर धरली आणि तुम्हांला नाकानं वाफारा घ्यायला लावला. मग तुम्ही दुकानदाराच्या हौसेनं एकेक कप्पा उघडायला लागलात. "हे आपलं वेखंड. हा भीमसेनी कापूर. अन् हा नागदवणा, पाय बाप्पा, चीनातही थोच!" लिनबाई वीस वर्षं इथे आहेत, त्यांचं इंग्रजी पक्कं गॉलवेचं. तुमचं दुकानापुरतं. तरी दोघं वर्गमित्र भेटल्यासारखे हसत होतात. तेव्हा एक गोष्ट मला खटकली होती. तुम्ही मुळं मोडून पाहिलीत, बोटांत चुरलीत, जिभेच्या टोकावर ठेवलीत, पण एकही जिन्नस नाकाशी नेला नाहीत. मी मनाशी ठरवलं की हे सगळं त्या बाईंना खूश करायचं नाटक आहे.

मग हिंग कमी व्हायला लागला. अकोल्याहून तुम्ही आणलेली ती पितळी डबी, माझ्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मसाल्यांच्या मागे ठेवलेली. महिन्याभरात अर्धी झाली. आमटीला चिमूटभर लागतो, एवढा जातो कुठे? तुम्ही तिकडे नेऊन देत असणार, दुसरं काय. म्हणजे आमच्याच घरचा हिंग त्या बाईंच्या पुरचुंड्यांत जाऊन गॉलवेभर विकला जात असणार. निखिलला सांगितलं तर तो हसला. तुमच्या मुलाला कशातच काही दिसत नाही.

म्हणून मी तपासणी सुरू केली. तुम्ही अंघोळीला गेलात की पुरचुंडी खुंटीवर असायची. मी शिवण उसवली, आतला पाला प्लास्टिकच्या पिशवीत भरला, चिठ्ठी लावली, नमुना एक. आणि दोन टी-बॅगा फोडून चहा आत भरला. रंग जवळपास तोच, आणि कापडाला मूळचा वास होताच. पुन्हा शिवून टाकली. घरात लाल दोरा नव्हता, गुलाबी वापरला. लिनबाई दर पंधरवड्याला नवी पुरचुंडी द्यायच्या, जुनी फेकायला सांगायच्या. तीन पुरचुंड्या मी अशा बदलल्या. तिसऱ्या वेळी तर तुम्ही ती चक्क माझ्या चहाच्या डब्याशेजारी काढून ठेवून अंघोळीला गेलात. मला वाटलं, वय झालं, विसरायला लागले.

रोज संध्याकाळी तुम्ही ती नाकाशी धरून दहा मिनिटं डोळे मिटून बसायचात. मी विचारायचे, "कसं वाटतंय?" तुम्ही म्हणायचात, "ग्रँड." हा शब्द तुम्ही ईराकडून उचललात. मी वहीत लिहायचे: रुग्णास फरक कळत नाही.

त्याच सुमारास तुमचं चहाचं सुरू झालं. सकाळी कप हातात दिला की तुम्ही तो ओठांना न लावता तोंडासमोर धरून बसायचात. पाच पाच मिनिटं. त्यावर साय धरायची. मी ओळखलं, की मी औषध चहातून देते असा तुम्हांला संशय आलाय. स्वतः संशयी असलं की सगळं जग तसंच दिसतं. मी तोडून म्हणायचे, "बाबा, चहा गार होतोय." तुम्ही म्हणायचात, "राहू दे न, पीतो."

सहा आठवडे झाले आणि मी निकाल जाहीर केला. शनिवार होता, पोह्यांच्या बशा टेबलावर होत्या. मी वही घेऊन बसले, ऑफिसात बसते तशी. म्हटलं, "बाबा, गेले सहा आठवडे तुम्ही चहाची पूड हुंगताय. तुमच्या लिनबाईंचा पाला या तीन पिशव्यांत आहे. आणि तुम्हांला ग्रँड वाटत होतं." निखिल पोह्यांत बघत राहिला. ईरा म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन."

तुम्ही हसलात. खोकला येईपर्यंत हसलात. म्हणालात, "मले मालूम होतं, सूनबाई."

"केव्हापासून?"

"पंधरा दिस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुह्या तपासनीत काहून लुडबूड करू?"

काय राग आला मला. पकडले गेल्यावर मला ठाऊकच होतं म्हणणारी माणसं मी रोज फोनवर ऐकते. मी उठले, हिंगाची डबी, लवंगा आणि कापूर आणला, फडकं घेतलं. म्हटलं, "डोळे बांधते. ओळखून दाखवा." चाळीस वर्षं नाकावर दुकान चालवलेल्या माणसाला हा पोरखेळ होता. आणि तुम्ही टोपी उचललीत. "आज नाही. मंग कधी," म्हणालात आणि फिरायला गेलात. मी जिंकले होते. तसं निखिलला म्हणूनही दाखवलं.

चार दिवसांनी गणपतीचा कार्यक्रम झाला. मी तो किस्सा सगळ्यांना सांगितला, तुमच्या हुंगण्याची नक्कल करून. पन्नास माणसं हसली. तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलात आणि म्हणालात, "माही सून लय हुशार हाये." मी ते टोमणा म्हणून घेतलं.

त्यानंतर आठवडा. बुधवारी सकाळी फिरायला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं, आधीपासून आत काहीतरी चाललं असणार. मी त्याला तीनदा विचारलं, तो धूर, ती पुरचुंडी, तो वाफारा, कशाचा काही संबंध? तो तिन्ही वेळा शांतपणे नाही म्हणाला. मला संबंध हवा होता, बाबा. कुणावर तरी चिठ्ठी लावता आली असती तर बरं झालं असतं. नर्सनं तुमचं घड्याळ, चष्मा आणि पुरचुंडी एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. पुरचुंडी गुलाबी दोऱ्याची. माझी. आत चहा आहे हे कळल्यावरही अकरा दिवस तुम्ही ती गळ्यातून काढली नव्हती. मला वाटलं, मला टोचायला घातली असणार. तशा वेळीसुद्धा माझ्या मनात तेच आलं, याची मला आज लाज वाटते.

काल मी लिनबाईंकडे गेले. भांडायलाच गेले होते. पर्समध्ये नमुना एक, दोन, तीन. त्यांनी दार उघडलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इथे सगळे म्हणतात तसं म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर ट्रबल." मी हात सोडवून घेतला. विचारलं, "त्यांच्या छातीसाठी तुम्ही काय देत होतात?"

"छातीसाठी?" त्या गोंधळल्या. "छातीला त्यांच्याकडे इनहेलर होता. तू दिलेला. त्याला हात लावायचा नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्याकडे ते नाकासाठी यायचे."

तुम्ही कुणाला सांगू नका म्हणाला होतात, असं म्हणाल्या. किटली लावली, खिडकीबाहेर बघितलं आणि शेवटी कपाटातून तुमचं कार्ड काढलं.

तुमचं नाक गेलं होतं. अकोल्यातच, दीड वर्षापूर्वी, एका तापानंतर. हिंग नाही, कापूर नाही, काहीच नाही. म्हणून दुकान बंद. मला एका क्षणात ते सगळं दिसलं: खडा नाकाशी नेऊन, काहीच न कळून, गिऱ्हाइकासमोर मान हलवणारे तुम्ही. आणि माझ्या स्वयंपाकघरात रोज, फोडणी पडली की, "हिंग बराबर पडला सूनबाई," म्हणणारे तुम्ही. वर्षभर तुम्ही माझ्या फोडणीला नुसत्या विश्वासावर दाद देत होतात.

लिनबाईंची रीत साधी होती. दर खेपेला चार बरण्या हुंगायला द्यायच्या आणि मधल्या दिवसांत पुरचुंडी. बरण्यांत लवंग, कापूर, नागदवणा, आणि चौथी तुम्ही मागून घेतलेली, हिंगाची. हिंग तुम्ही घरून नेऊन दिलात. बरणीतल्याचा वास उडाला की पुन्हा नेऊन द्यायचात. कार्डावर चार ओळी आणि प्रत्येक खेपेला प्रत्येक ओळीत एक वर्तुळ. वास आला नाही तर रिकामं. सगळं कार्ड रिकाम्या वर्तुळांनी भरलं होतं. लवंगेपुढे शेवटी शेवटी एक-दोन अर्धवट रंगवलेली. हिंगापुढे शेवटपर्यंत एकही नाही.

आणि सगळ्यांत खाली, पेनानं घाईत इंग्रजीत लिहिलेला एक शब्द, टी. चहा. त्याच्यापुढे एक पूर्ण काळं वर्तुळ आणि प्रश्नचिन्ह.

"हे काय?" मी विचारलं.

"त्या दिवशी युअर मॅन, तुझे सासरे, धावतच जिना चढून आले. म्हणाले, पुरचुंडीला वास येतो. चहाचा. मी म्हटलं, आत चहा नाहीच, मन खेळ करतंय. ते म्हणाले, टी, टी, आणि माझ्या नाकाशी धरली. खरंच चहा होता. मला काही कळेना. त्यांनी शिवण पाहिली, दोरा पाहिला आणि हसायला लागले ते थांबेचनात. म्हणाले, 'माय डॉटर-इन-लॉ. शी इज चेकिंग.' मग तिथे खुर्चीत बसून रडले. मी म्हटलं, मी रागावते तिला. तर म्हणाले, नको, नको, करू दे."

माझा त्यांच्यावरही विश्वास बसला नाही. दुःखातल्या माणसाला गोड बोलून वाटेला लावणारे दुकानदार आमच्या पुण्यातही आहेत. मी कार्डावरचा दिवस टिपून घेतला, घरी आले आणि वही काढली. माझ्या निकालाच्या शनिवारपासून मागे मोजलं. पंधरा दिवस. बरोबर पंधरा, बाबा.

तुम्हांला माहीत होतं. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. आणि तिसरी पुरचुंडी चहाच्या डब्याशेजारी ठेवली ती मला सोपं जावं म्हणून. मी फडकं घेऊन हिंगाची डबी समोर धरली तेव्हा तुम्ही का उठलात तेही कळलं. चहा तेवढा परत आला होता. हिंग नव्हता आला. सुनेसमोर हिंग न ओळखता येणं तुम्हांला सोसलं नसतं, त्यापेक्षा हरलेले दिसणं तुम्ही पत्करलंत. मग हॉलमध्ये पन्नास माणसांसमोरही.

मला सांगायला हवं होतंत. याचा मला अजून राग आहे आणि तो राहील. मी तुम्हांला नाकाच्या डॉक्टरकडे नेलं असतं, चार ठिकाणी विचारलं असतं, तुम्हांला जीव नकोसा करून सोडलं असतं. म्हणूनच सांगितलं नसेल. लिनबाईंच्या पाल्यानं तुमचं नाक परत आलं, हेही मी मानलेलं नाही. कितीतरी लोकांचं आपसूक येतं. हे तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, "पन आलं न?" आणि आपण जेवणं होईपर्यंत भांडलो असतो. त्या भांडणासाठी आज जीव तुटतोय.

तिन्ही पिशव्या मी लिनबाईंना परत देऊन आले. वहीतली 'फरक कळत नाही' ही ओळ खोडली. उद्या हॉलमध्ये तो किस्सा मीच काढणार आहे, पूर्ण, जिथे मी तो सोडला होता त्याच्या पुढेपर्यंत. लोकांना कळू दे की त्या दिवशी पहिल्या रांगेत कोण कुणाला हसत होतं.

पण एक गोष्ट हॉलमध्ये सांगता येणार नाही, ती इथेच सांगते. आज सकाळी चहा केला, सवयीनं तुमचाही कप काढला, आणि तो हातात धरून उभी राहिले. आलं, साखर, दूध, चहाची वाफ. तेव्हा कळलं. तुम्ही चहाला घाबरत नव्हतात, बाबा, संशयही घेत नव्हतात. दीड वर्षानं पहिल्यांदा कशाचा तरी वास येत होता, तो तुम्ही कपासमोर बसून घेत होतात. आणि मी रोज, रोज, शेजारी उभी राहून म्हणत होते, बाबा, चहा गार होतोय.